‘बाराटांगला जारवा दिसतात’: त्या मेसेजला उत्तर

दिवाळीची सुट्टी जवळ आली की नातेवाइकांच्या ग्रुपवर अंदमान सहलीचा एक मेसेज फिरू लागतो. सेल्युलर जेल, सावरकरांची कोठडी, राधानगरचा किनारा हे सगळं त्यात असतंच, पण खरा भर असतो बाराटांग या बेटावर. त्याचा मतलब असा: बाराटांगला जरूर जा, वाटेत जंगलात जारवा आदिवासी दिसतात. लांबून बघण्यात काही गैर नाही. बिस्किटांचे पुडे सोबत ठेवा, बिचारे उपाशी असतात. आज ना उद्या त्यांना मुख्य प्रवाहात यावंच लागणार आहे. आणि पर्यटकच गेले नाहीत, तर तिथल्या लोकांनी खायचं काय?

शेवटचा प्रश्न रास्त आहे, त्याकडे येतेच. बाकीचं सगळं चुकीचं आहे, आणि आपल्याच माणसांनी ते न वाचता पुढे ढकलावं याचं मला वाईट वाटतं.

आधी ‘लांबून बघणं’. पोर्ट ब्लेअरहून (२०२४ पासून श्री विजयपुरम) बाराटांगला नेणारा अंदमान ट्रंक रोड जारवांच्या राखीव जंगलातून जातो. जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्या अडवतात, नावं लिहून घेतात आणि ठरलेल्या वेळी पोलिसांच्या सोबतीने तांडा सोडतात. सकाळचा पहिला तांडा गाठायचा तर हॉटेल पहाटे साडेतीनला सोडावं लागतं. मी त्या तांड्यात एकदा बसले आहे, चुनखडीच्या गुहा बघायच्या म्हणून. थांबायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, काचा बंद, हे नाक्यावर बजावून सांगितलं होतं. तरी अर्ध्या तासाने रस्त्याच्या कडेला एक बाई कडेवर मूल घेऊन उभी दिसली आणि गाडीतली सगळी माणसं एका बाजूला झुकली. “डावीकडे, डावीकडे!” अशी आरोळीही उठली. ताडोबात वाघ दिसला की जिप्सीत जो आवाज होतो, तोच. ती बाई तिच्या घराच्या अंगणात उभी होती. जवळपास हजार चौरस किलोमीटरचं ते राखीव जंगल तिच्या लोकांचं घर आहे, आणि आम्ही त्यातून दिवसाला कितीतरी वेळा रांगेने जातो. याला लांबून बघणं म्हणत नाहीत.

हा रस्ता अंदमानच्या प्रशासनाने बांधला तेव्हाही जारवांनी त्याला बाणांनी विरोध केला होता. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने राखीव क्षेत्रातून जाणारा भाग बंद करण्याचा आदेश दिला. रस्त्याचा तो भाग आजही चालू आहे. २०१२ च्या जानेवारीत जारवा स्त्रियांना खाण्याच्या बदल्यात पर्यटकांसमोर नाचवल्याची चित्रफीत जगभर गेली. पुढच्या वर्षी न्यायालयाने पर्यटकांची वाहतूक काही आठवडे थांबवली, पण ती पुन्हा सुरू झाली. जारवांचे फोटो काढणं, त्यांना काही देणं, त्यांच्या जंगलात शिरणं हे सगळं १९५६ च्या आदिवासी संरक्षण नियमावलीखाली गुन्हा आहे, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर त्याला तुरुंगवास आहे. मेसेजमध्ये हे एका ओळीनेही येत नाही.

आता बिस्किटं. जारवा उपाशी नाहीत. रानडुक्कर, घोरपड, मासे, खेकडे, कंदमुळं, फळं आणि मध हे त्यांचं अन्न आहे. मध काढताना एका झाडाचा पाला चघळून त्याचा रस ते अंगाला फासतात आणि पोळ्यावर फुंकतात, म्हणजे माश्या दूर होतात. ज्यांना जंगलाची इतकी नेमकी माहिती आहे, त्यांना पार्ले-जी देऊन आपण कोणती भूक भागवतो? उलट रस्त्यावर थांबलं की खाऊ मिळतो, ही सवय लागते. शिकारीला चोरून शिरणारी बाहेरची माणसंही तंबाखू आणि दारू देऊनच जवळीक करतात. पर्यटकाचा पुडा त्याच वाटेवरचा आहे, मग देणाऱ्याचं मन कितीही चांगलं असो.

मुख्य प्रवाहाच्या मुद्द्यावर मात्र थोडं थांबावं लागेल, कारण भले शिकलेले लोकही हे मनापासून म्हणतात. अंदमानात हा प्रयोग एकदा होऊन गेला आहे. १८५८ साली इंग्रजांनी कैद्यांची वसाहत सुरू केली तेव्हा ग्रेट अंदमानी या शेजारच्या जमातीचे लोक काही हजार होते. त्यांच्याशी दोस्ती केली गेली, त्यांना वसाहतीजवळ आणून ठेवलं गेलं, कपडे दिले गेले. मग गोवर आला, उपदंश आला. १९०१ च्या जनगणनेत ते ६२५ उरले, १९६१ मध्ये १९. त्यांच्यातली ‘बो’ भाषा बोलणारी शेवटची बाई २०१० मध्ये गेली, आणि ती भाषाही तिच्याबरोबर गेली.

जारवा याच काळात बाणांच्या जोरावर बाहेरच्यांपासून दूर राहिले. १९९६ साली पाय मोडलेल्या एका जारवा मुलाला इस्पितळात बरं करून परत पाठवलं, त्यानंतर १९९७ च्या अखेरीपासून ते आपणहून वस्त्यांकडे येऊ लागले. दोन वर्षांत, १९९९ मध्ये, त्यांच्यात गोवराची साथ पसरली. २००६ मध्ये पुन्हा. आपल्याकडे ज्याला पोराटोरांचा आजार म्हणतात, तो पिढ्यान्‌पिढ्या त्याच्याशी गाठ न पडलेल्या माणसांना मारू शकतो. काच खाली करून पुडा पुढे करणाऱ्या हाताला सर्दी असेल, तर तीही पुड्याबरोबर जाते.

म्हणूनच २००४ च्या जारवा धोरणात बाहेरचा हस्तक्षेप कमीत कमी ठेवायचं ठरलं. २००१ च्या जनगणनेत जारवा २४० होते, २०११ मध्ये ३८०. जमात वाढते आहे, तीही आपल्या पद्धतीने जगत. ते स्वतःला ‘अंग’ म्हणतात. ‘जारवा’ हे नाव शेजारच्या ग्रेट अंदमानींनी दिलेलं, अर्थ परके, अनोळखी. बाहेर यायचं का, किती, केव्हा, हे त्यांनीच ठरवावं. आपल्या सहलीच्या वेळापत्रकाने नव्हे.

राहिला पोटाचा प्रश्न. बाराटांग, कदमतला इथे राहणाऱ्या कुटुंबांना इस्पितळासाठी, बाजारासाठी हा रस्ता लागतो, हे मी नाकारत नाही. पण त्यांच्या गरजेच्या आडून आपली हौस भागवू नये. उत्तरेकडे रंगत आणि दिगलीपूरला समुद्रातून बोटीने जाता येतं. बाराटांगला बघायला जातात ते चिखलाचे ज्वालामुखी दिगलीपूरजवळ श्यामनगरलाही आहेत. कालीपूरच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात कासवं अंडी घालायला येतात, जवळच सॅडल पीक आहे, ७३२ मीटर, द्वीपसमूहातलं सर्वांत उंच शिखर. तिथे राहिलात तर पैसा तिथल्याच घरांत जातो.

आणि बंधनं घातली की धंदा बुडतो, हेही खरं नाही. पोर्ट ब्लेअरजवळ वंडूरच्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात जॉली बॉय आणि रेड स्किन ही दोन बेटं आळीपाळीने उघडतात, एक उघडं असताना दुसऱ्याला विसावा. जॉली बॉयला प्लास्टिक नेऊ देत नाहीत. तरी बोटी भरून जातात, बोटवाल्यांची चूल पेटते, आणि बोटीच्या काचेच्या तळातून प्रवाळ अजून दिसतं.

तुमच्या सहलीच्या कार्यक्रमात बाराटांग असेल, तर पैसे भरण्याआधी आयोजकाला फोन करा आणि तो दिवस वंडूरला द्यायला सांगा. आमच्या मागच्या ग्रुपमधल्या अकरा जणांनी सांगितलं, आणि आयोजकाने एका फोनवर बदल करून दिला.