छातीत दुखतंय आणि घड्याळ गप्प आहे, म्हणून घरी बसू नका

गणपतीला येताना चाकरमानी हल्ली आई-वडिलांसाठी स्मार्टवॉच आणतात. त्यापाठोपाठ वाडीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. एआयवालं घड्याळ हार्ट अटॅक आधीच ओळखतं, त्याचा ईसीजी हॉस्पिटलच्या तोडीचा असतो, एआय डॉक्टरपेक्षा अचूक आहे, साखरही सुई न टोचता कळते, तेव्हा कोकणातल्या माणसाला आता डॉक्टरकडे धावायला नको, असं त्याचं म्हणणं. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच आहे. पण त्यातला पहिला दावा एखाद्याच्या जिवावर बेतू शकतो, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘घड्याळ हार्ट अटॅक ओळखतं.’ नाही ओळखत. ॲपलच्या घड्याळात २०१८ साली ईसीजीची सोय आली. हे घड्याळ हार्ट अटॅक ओळखू शकत नाही, असं कंपनीनेच त्या ॲपमध्ये लिहून ठेवलंय. ते बघतं ठोक्यांची लय. हृदयाचे वरचे कप्पे थरथरू लागले की नाडी वेडीवाकडी पडते. याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. त्यातून रक्ताची गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो, म्हणून ते वेळेत कळणं मोलाचं आहे. हार्ट अटॅकमध्ये मात्र हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी धमनी बंद होते. त्या वेळी नाडीची लय पुष्कळदा व्यवस्थित असते. म्हणजे घड्याळ ‘नॉर्मल’ दाखवतंय आणि आत स्नायू मरतोय, असं होऊ शकतं.

आपल्याकडे तर आधीच ‘गॅस झालो आसतलो’ म्हणून ओवा चावत नाहीतर सोलकढी पिऊन रात्र काढायची सवय. त्यात घड्याळाने ‘नॉर्मल’ म्हटलं, तर कोण उठून दवाखान्यात जाईल? मधुमेही माणसाला तर छातीत न दुखताही अटॅक येऊ शकतो. नुसता घाम, दम, मळमळ.

‘ईसीजी हॉस्पिटलइतकाच.’ दवाखान्यात ईसीजी काढताना बघा. शर्ट काढायला लावतात, घाम पुसतात, जेली लावून छातीवर सहा ठिकाणी इलेक्ट्रोड आणि हातापायांना चार चिमटे लावतात. या १० तारांतून यंत्र हृदयाकडे १२ बाजूंनी बघतं. खालच्या भिंतीचा अटॅक काही रेघांत दिसतो, पुढच्या भिंतीचा दुसऱ्याच रेघांत. घड्याळ एका मनगटाला आणि दुसऱ्या हाताच्या बोटाला, म्हणजे दिसते एकच बाजू. शिवाय १२ बाजूंचा पहिला ईसीजीही कधी साफ येतो. म्हणूनच डॉक्टर तो थोड्या वेळाने पुन्हा काढतात आणि हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं ट्रोपोनिन तपासतात.

एरवी दिवसभर घड्याळ नाडी मोजतं ती हिरव्या उजेडावर, कातडीखालच्या रक्ताच्या चढउतारावरून. किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढताना हात हिसकत असतो, पट्टा ओला आणि सैल असतो. तेव्हा सिग्नलमध्ये हालचालच जास्त मिसळते.

‘एआय डॉक्टरपेक्षा अचूक.’ इथे थोडं थांबायला हवं, कारण यात खरं कामही झालंय. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने २०१९ मध्ये दाखवलं, की साध्या ईसीजीवरून हृदयाचं कमी झालेलं पंपिंग एआयला ओळखता येतं, जे नुसत्या डोळ्यांना त्या रेघांत सहसा दिसत नाही. आजारी आणि निरोगी अशा दोन्ही गटांत ते सुमारे ८६ टक्के बरोबर ठरलं. आता हाच आकडा आपल्या १,००० वस्तीच्या गावाला लावा आणि त्यात २० जणांचं हृदय दुबळं आहे असं धरा. एआय त्यातले १७ पकडेल, तिघांना सोडेल, आणि उरलेल्या ९८० निरोगी माणसांपैकी जवळपास १४० जणांना उगाच धोक्याची सूचना देईल. म्हणून त्याच्या इशाऱ्यानंतर टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करावाच लागतो. कोणाचा इको आधी करायचा, हे सांगणं त्याचं काम, आणि ते काम एआय चांगलं करतं. शिवाय ते शिकलं ते १२ बाजूंच्या ईसीजीवर, घड्याळाच्या एका बाजूवर नव्हे.

‘साखर सुईशिवाय.’ साफ खोटं. सुई न टोचता साखर सांगणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला आम्ही मान्यता दिलेली नाही, असा इशारा औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. त्या आकड्यावर इन्सुलिन घेऊ नका.

‘डॉक्टरकडे धावायला नको.’ यामागचं दुखणं मला कळतं. देवगड-विजयदुर्गच्या माणसाला अँजिओप्लास्टीसाठी, म्हणजे बंद धमनी आतून उघडून घ्यायला, पुष्कळदा गोव्यातली बांबोळी गाठावी लागते, नाहीतर घाट चढून कोल्हापूर. म्हणूनच वेळ घड्याळात बघत घालवणं आपल्याला परवडत नाही. धमनी पूर्ण बंद झाली असेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लहान रुग्णालयातही देता येतं. पहिल्या १२ तासांत, आणि जितकं लवकर तितका स्नायू वाचतो. पण ते देण्याआधी १२ बाजूंचा ईसीजी लागतोच.

एआय मागायचंच असेल तर ते तिथे मागूया. आरोग्य केंद्रात चालू ईसीजी मशीन, तो काढता येणारा माणूस, रेघा लगेच वाचून शंका दाखवणारं सॉफ्टवेअर आणि पलीकडे फोनवर हृदयरोगतज्ज्ञ. ग्रामसभेत हे लेखी मागता येतं.

तोवर चाकरमान्यांनी घड्याळ खुशाल आणावं. सोबत आई-वडिलांच्या फोनमध्ये १०८, रात्री ईसीजी होतो अशा सगळ्यात जवळच्या दवाखान्याचा नंबर आणि अपरात्री गाडी काढणाऱ्या शेजाऱ्याचा नंबर भरून द्यावा.