कंबर दुखली की डिस्कच सरकली?

इंदूरच्या मराठी ग्रुपांवर फिरत फिरत तो मेसेज रामबागेत मामींच्या फोनवर पोचला आणि मामींनी अंथरूण धरलं. मेसेजचं म्हणणं असं: कंबरदुखी म्हणजे डिस्कच, म्हणजे मणक्यांमधली गादी, सरकलेली. उताणं झोपून पाय उचला, दुखलं की खात्री. एमआरआयमध्ये ‘बल्ज’, म्हणजे डिस्कचा फुगवटा, आला तर महिनाभर झोपून राहा. लघवी अडली, बधिरपणा आला तरी घाबरू नका, नस मोकळी होताना असं होतंच.

आधी हे शेवटचंच घेते. नस मोकळी होताना? डोंबलाची मोकळी! मणक्याच्या तळाशी नसांचा झुबका असतो. तो जोरात दाबला गेला की लघवी अडते किंवा झालेली कळत नाही, शौचावरचा ताबा जातो, सायकलच्या सीटला टेकतो तेवढा भाग बधिर होतो, कधी दोन्ही पाय लुळे पडू लागतात. याला कॉडा इक्वायना म्हणतात. उशीर झाला तर लघवीची नळी जन्माची मागे लागू शकते. अशा पेशंटला आम्ही फिजिओ व्यायाम देत नाही, त्याच रात्री एमवाय हॉस्पिटलला पाठवतो. आणि हा मेसेजवाला म्हणतो, घाबरू नका.

पाय उचलायची चाचणी मात्र खरी आहे, एवढं कबूल करावं लागतं. पण पाय दुसऱ्याने उचलायचा, गुडघा सरळ ठेवून, आणि साधारण 30 ते 70 अंशांत कळ गुडघ्याखाली पोटरीत, पावलात उतरली तर नसेचा संशय घ्यायचा. मामींचा पाय मी उचलला. “कुठे ओढतंय?” विचारलं तर त्यांनी मांडीमागे हात ठेवला. पाऊल वर ताणलं तरी खाली काही उतरेना. आखडलेला स्नायू, दुसरं काही नाही.

सगळं डिस्कच असतं तर काम किती सोपं होतं! म्हाताऱ्या माणसाचे चालताना पाय भरून येतात आणि बसलं, पुढे वाकलं की उतरतात, ते मणक्यातली जागा अरुंद झाल्याने. पंचविशीतल्या मुलाची कंबर पहाटे आखडते आणि हिंडल्यावर सुटते, तिथे सुजेच्या संधिवाताची शंका घ्यायची. त्याला महिनाभर झोपवलं तर आखडणं वाढेलच. बाकी बहुतेकांच्या दुखण्याला एक ठरावीक कारण सापडतच नाही, आणि ती हिंडत्या-फिरत्या राहून बरी होतात.

एमआरआयचं म्हणाल, तर ब्रिंजिक्जी आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये काहीच न दुखणाऱ्या 3110 लोकांचे अहवाल एकत्र पाहिले. विशीत 30 टक्के आणि साठीत 69 टक्के लोकांत बल्ज! मामी साठीच्या आहेत.

मेसेजखाली कमरपट्ट्याची लिंक आहेच. तिच्यावर शब्द खर्च करत नाही.