तोंडी परीक्षा

कॅबर्ने सोव्हिन्यॉन. हे द्राक्षाचं नाव पहिल्यांदा वाइनच्या बाटलीवर वाचलं तेव्हा मी शेवटच्या टीसकट खणखणीत 'कॅबर्नेट' म्हणालो आणि मित्राने अशी काही कीव केल्यासारखी मान हलवली की वाटलं उठून घरी जावं, पण तोवर ग्लास हातात आला होता. मग परीक्षा सुरू. ग्लास गरागरा फिरव, नाक आत घाल, सांग कसला वास येतोय. फिरवताना थोडी शर्टावर गेली, उरलेलीत नाक खुपसलं. बाकीचे डोळे मिटून ब्लॅककरंट ब्लॅककरंट करत होते. मला चक्क ढोबळी मिरचीचा वास आला, आणि शार्पनरमधून पेन्सिलचा भुसा पडतो ना, तसाही थोडा. म्हटलं नाक बिघडलंय नाहीतर वाइन. शेवटी मीपण "ब्लॅककरंट" बोलून टाकलं, जे फळ मी जन्मात पाहिलेलं नाही.

घोट घेतला तर हिरड्यांवर कुणी तुरटी घासतंय की काय! सगळे म्हणे "वा, काय टॅनिन आहे", मी जिभेने गाल चाचपतोय.

रात्री घरी येऊन अभ्यास केला (परीक्षा झाल्यावर अभ्यास, जुनी सवय). या द्राक्षाचा मणी बारका, साल जाड आणि त्या मानाने बिया मोठ्या, त्यामुळे तुरटपणा आणणारं टॅनिन भरपूर, आणि ते लाळेतल्या प्रोटीनला जाऊन चिकटतं म्हणून तोंड कोरडं पडतं. सोबत चीज खाल्लं की टोचत नाही, हे आधी सांगायला काय झालं होतं? आणि ढोबळी मिरची? तिच्यात जे पायराझिन नावाचं वासाचं रसायन असतं तेच या द्राक्षातही असतं, द्राक्ष नीट पिकलं नसेल तर जास्तच. म्हणजे एकच उत्तर बरोबर येत होतं, तेच मी खोडलं.

अर्थात तज्ज्ञांचंही काही खरं नाही. १९७६ साली पॅरिसमध्ये लेबलं झाकून चव घ्यायला लावली तर फ्रेंच परीक्षकांनी आपल्याच देशातल्या बोर्दो भागाच्या वाइनला मागे टाकून कॅलिफोर्नियाच्या कॅबर्नेला पहिला नंबर दिला. आणि हे द्राक्ष कॅबर्ने फ्रां आणि सोव्हिन्यॉन ब्लांक या दोन द्राक्षांचं पोर, हे कळायला १९९७ उजाडलं, तेही डीएनए काढून. अहो, नावातच दोघं बसलेत की!

पुढच्या खेपेला चीजचा तुकडा आधीच तोंडात टाकला, ग्लास बेताने फिरवला, नाक घातलं आणि ठणकावून सांगितलं, "ढोबळी मिरची. आणि पेन्सिलचा भुसा."

मित्राने बराच वेळ बघितलं माझ्याकडे. म्हणाला, "कुठून कॉपी मारलीस?"