कांद्याचा काळा थर, काढा आणि फुफ्फुसातली बुरशी

मे 2021 मध्ये म्युकरमायकोसिसने, म्हणजे ‘ब्लॅक फंगस’ म्हणतात त्या बुरशीच्या आजाराने, सगळे धास्तावले होते, तेव्हा फिरलेला एक मेसेज गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा आला. या वेळी त्याला शेपूट जोडलेलं आहे. म्हणणं असं: कांद्यावरचा आणि फ्रिजच्या रबरावरचा काळा थर म्हणजेच ब्लॅक फंगस. तो श्वासातून फुफ्फुसात जातो, पण इम्युनिटी दणकट असेल तर शिरतच नाही. म्हणून कांदे फेका आणि रोज काढा घेऊन इम्युनिटी वाढवा.

शेजारच्या काकूंनी दोन किलो कांदे कचऱ्यात टाकले. मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या लॅबमध्ये काम करते, बुरशीचे नमुने हातावेगळे करण्यात माझा दिवस जातो. गप्प बसवेना.

आधी कांदा. त्याच्या सालींमध्ये काजळीसारखी धरते ती बहुधा अ‍ॅस्परजिलस नायजर. म्युकरमायकोसिस करणाऱ्या बुरशा वेगळ्याच कुळातल्या, आपल्याकडे मुख्यतः रायझोपस. सूक्ष्मदर्शकाखाली ती रुंद, चुरगळलेल्या रिबिनीसारखी दिसते, आत आडवे पडदे जवळजवळ नसतात. अ‍ॅस्परजिलसचे तंतू बारीक, पडदेवाले, झाडाच्या बेचक्यासारखे फुटलेले. आणि ‘ब्लॅक’ हे नाव बुरशीच्या रंगावरून आलेलंच नाही. म्युकरमायकोसिसच्या बुरशीचे तंतू रक्तवाहिन्यांत घुसतात, रक्तपुरवठा तुटतो आणि आपलंच मेलेलं मांस काळं पडतं. कांदा आतून चांगला असेल तर वरच्या साली काढा, धुवा आणि खुशाल फोडणीला टाका.

‘इम्युनिटी चांगली असेल तर बुरशी शिरतच नाही.’ शिरते. तुमच्या, माझ्या, पहिलवानाच्याही फुफ्फुसात ती रोज शिरते. अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटसचे बीजाणू, म्हणजे तिच्या सूक्ष्म बिया, जेमतेम 2 ते 3 मायक्रॉनचे असतात. पालापाचोळा, कुजलेलं खत, जुन्या भिंतींची धूळ, सगळीकडून ते उडतात, आणि आपण दिवसाला शेकड्यांनी ते ओढून घेतो. नाकातले केस आणि श्वासनलिकेतला चिकट कफ बरेचसे अडवतो, पण इतके बारीक कण थेट वायुकोशांपर्यंत पोचतात. खरं काम तिथे सुरू होतं.

वायुकोशात मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी कायम राखणीला असतात. सुका बीजाणू मात्र त्यांना सहज ओळखू येत नाही, कारण त्याच्यावर पाणी न धरणाऱ्या प्रथिनांचं कवच असतं. उबदार, ओलसर जागेत काही तासांत तो फुगतो, कवच सुटतं आणि खालची बीटा-ग्लुकन ही साखरेची साखळी उघडी पडते. आपल्या शरीरात हा पदार्थ बनतच नाही. मॅक्रोफेजवरचा डेक्टिन-1 हा ग्राहक नेमका तोच पकडतो. बीजाणू गिळला जातो आणि त्याच वेळी रक्तातल्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींना बोलावणं जातं.

एखादा बीजाणू निसटून त्याला कोंब फुटला तर तंतू इतका लांब होतो की एका पेशीला तो गिळता येत नाही. मग न्यूट्रोफिल त्याच्या अंगाला चिकटतात आणि ऑक्सिजनपासून तयार केलेली जहाल रसायनं त्याच्यावर सोडतात. वेळ पडली तर स्वतःचा डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकून तंतूंना गुरफटतात. हे सगळं उपजत. लस लागत नाही, आधीची ओळख लागत नाही. काही मुलांमध्ये ही रसायनं बनवणारं एक एन्झाइम जन्मापासून बिघडलेलं असतं. त्या आजाराला क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज म्हणतात. या मुलांच्या रक्तात न्यूट्रोफिल भरपूर असतात, पण हत्यार नसतं, आणि अ‍ॅस्परजिलस त्यांच्या जिवावर उठतो.

आता ‘इम्युनिटी वाढवा’. किती वाढवायची? दम्याच्या काही रुग्णांमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणा अ‍ॅस्परजिलसवर गरजेपेक्षा जास्त चवताळते. बुरशी थोडी, सूज फार, श्वासनलिका कायमच्या रुंदावतात. एबीपीए म्हणतात त्याला, म्हणजे या बुरशीची फुफ्फुसातली अ‍ॅलर्जी, आणि उपचार म्हणून बऱ्याचदा स्टेरॉइड देऊन प्रतिकार शांत करावा लागतो. त्यामुळे मीटर वर सरकवला की भलं झालं, हा हिशेबच चुकीचा आहे. काढा घसा शेकायला प्या, माझी ना नाही. पण त्याने या पेशींमध्ये नसलेलं बळ येत नाही.

मेसेजने जे सांगायला हवं होतं तेच त्यात नाही: ही राखण कशाने मोडते? साखर फार वाढली की न्यूट्रोफिल मंदावतात. मधुमेहात रक्त आम्लधर्मी झालं तर एरवी प्रथिनांनी बांधून ठेवलेलं लोह मोकळं होतं, आणि रायझोपसला तेच हवं असतं. जास्त दिवस, जास्त डोसमध्ये स्टेरॉइड घेतलं की मॅक्रोफेज बीजाणू गिळतो, पण मारू शकत नाही. कीमोथेरपीत न्यूट्रोफिल मायक्रोलिटरला 500 च्या खाली जाऊन बरेच दिवस तिथेच राहिले की धोका सगळ्यात मोठा. 2021 मध्ये आपल्याकडे कोविड, अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा सढळ वापर एकत्र आले. अशा रुग्णाचा ताप अँटिबायोटिकने हटत नसेल, खोकल्यातून रक्त पडत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. अँटिबायोटिक जिवाणूंसाठी असतं, बुरशीला त्याने काही होत नाही. आणि डॉक्टरांनी लिहून दिलेलं स्टेरॉइड हे वाचून आपल्या मनाने बंद करू नका, तेही जिवावर बेतू शकतं.

काकूंना मधुमेह आहे. शेवटची साखर कधी तपासली, असं विचारल्यावर म्हणाल्या, “अगं, दिवाळीच्या आधी असेल.” रविवारी सकाळी त्यांच्याच डब्यातल्या ग्लुकोमीटरवर उपाशीपोटी मोजली. 268 आली. त्यांच्या मुलाने सोमवारची डॉक्टरांची वेळ घेतली आहे.