वायफाय फुल, नेट गुल

वायफाय आहे पण नेट नाहीये, हे बाबांना समजावून सांगायला कुठलीच डिग्री पुरत नाही. "अगं दांड्या फुल दिसतायत की!" म्हणत ते मोबाईल थेट माझ्या नाकाशी आणतात. दांड्या फुल असणारच, राउटर त्यांच्या डोक्यावरच्या फळीवर आहे. पण त्या दांड्या मोबाईल ते राउटर एवढ्यापुरत्याच, डब्याच्या पलीकडे काय चाललंय त्याच्याशी त्यांना काही देणंघेणं नाही. शेवटी म्हटलं, बाबा, नळ आहे, तोटी चकाचक आहे, फक्त मेन लाइनला पाणी नाही. हे पटलं. मग म्हणाले, ते उद्गारचिन्ह कसलं आलंय? हा प्रश्न मात्र रास्त होता. अँड्रॉइड फोन वायफायला जोडला गेला की तो गुपचूप एका सर्व्हरला हाक मारून बघतो, तिकडून २०४ असा कोड आला, म्हणजे "पोचलं, पण द्यायला काही नाही", की नेट आहे असं धरतो आणि उत्तरच आलं नाही तर उद्गारचिन्ह लावतो. "म्हणजे फोनला आधीच माहीत होतं, आणि मी मघापासून ते गोल गोल फिरणारं बघत बसलोय," बाबा म्हणाले आणि फोनवरच रुसले.

तेवढ्यात दादा आला. दादाकडे जगातल्या प्रत्येक यंत्रावर एकच औषध, बंद करून चालू कर. तसं ते औषध वाईट नाही, राउटरची मेमरी साफ होते, तो पुन्हा पहिल्यापासून कनेक्शन मागतो आणि बऱ्याचदा खरंच सुरू होतो, पण दादा बटण दाबतो आणि त्याच श्वासात परत दाबतो. अरे थांब ना तीस सेकंद! दिवे विझले तरी आतल्या कपॅसिटरमध्ये थोडा करंट उरतो, तो उतरू दे की. तीस सेकंद काही न करता उभं राहणं हे आमच्या घराण्यात कुणाला जमलेलं नाही.

पुन्हा चालू झाल्यावर मी दिवे नीट बघितले. पॉवर हिरवा, वायफायचा हिरवा लुकलुकतोय, आणि एलओएस लालभडक. एलओएस लाल म्हणजे फायबरमधून येणारा प्रकाशच डब्यापर्यंत पोचत नाहीये. विषय संपला. यानंतर सेटिंगमध्ये काहीही करणं म्हणजे नुसता वेळ घालवणं, असं माझं ठाम मत आहे आणि ते घरात कुणीही ऐकलं नाही.

फोनवरून मावसभावाने डीएनएस, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा, बदलून ८.८.८.८ टाकायला सांगितलं. आत्याचं म्हणणं, वायफायचं चॅनल बदला, १, ६ नाहीतर ११. कुणीतरी म्हणालं ५ गिगाहर्ट्झवर घ्या, तिथे स्पीड जास्त. अहो, स्पीड कशाचा? सगळ्यांचं मन राखायला मी लॅपटॉपवर १९२.१६८.१.१ उघडलं, लॉगिनचं पान झर्रकन आलं आणि मागून आई ओरडली, "आलं, आलं, नेट आलं!" आता तिला काय सांगणार की हे पान राउटरच्या पोटातलंच आहे, जग बुडालं तरी ते उघडेल. १९२.१६८ वाले पत्ते घरातल्या-ऑफिसातल्या खासगी नेटवर्कसाठीच राखीव आहेत, तसं १९९६ सालच्या आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या नियमांच्या कागदात लिहूनही ठेवलंय, त्या पत्त्यावर उंबरठ्याबाहेर जाताच येत नाही. आईने तोवर मावशीला कळवून टाकलं होतं.

मी कस्टमर केअरला लागले. तिथल्या बाईंनी आधी सांगितलं की तक्रार ॲपवरून केली तर लवकर सुटते. ॲप नेटवर चालतं. मग त्यांनी विचारलं, लाल लाईट आहे का? आहे. बरं मॅडम, मग एकदा रिस्टार्ट करून बघा.

आणि मी इकडे "होल्ड करा" ऐकत असताना तिकडे दादाने सेफ्टी पिन आणली. राउटरच्या मागे ते बारीक भोक असतं ना, आत बटण असलेलं, ते कंपनीने मुद्दाम बोट जाऊ नये असं केलेलं असतं, आणि दादा त्यात पिन घालून दहा सेकंद दाबून उभा. मघाशी तीस सेकंद थांबवत नव्हते पण यात तल्लीन! रिस्टार्ट वेगळं, रिसेट वेगळं. रिसेटने राउटर सगळं विसरतो, आपलं नाव, पासवर्ड, कंपनीकडे लॉगिन करायचा पीपीपीओई युजरनेम, सगळं.

दुसऱ्या दिवशी फायबरवाला मुलगा आला. राउटरकडे ढुंकूनही न बघता त्याने वायर उपसली, मीटरला लावली आणि नुसतं "हं" म्हणाला. मीटरवर प्रकाशाचा आकडा मायनस सत्तावीस डीबीएमच्या खाली गेला की बहुतेक राउटर मान टाकतात, इथे तर काहीच येत नव्हतं. मग त्याने वायरच्या टोकाला पेनासारखा लाल लेझर लावला, आणि कपाटाच्या मागे, भिंतीला घासून, वायरमधूनच एक लाल ठिपका पेटलेला दिसला. तिथेच काच मोडली होती. आतली प्रकाश जाणारी वाट जेमतेम नऊ मायक्रॉनची, आणि वर आमचं सागवानी कपाट. "कपाट कुणी सरकवलं?" आईने लगेच चहाचं विचारलं.

त्याने तुटका भाग कापला, नवीन कनेक्टर लावला, लाल दिवा गेला. तरी नेट नाही. मुलगा आता पहिल्यांदा स्क्रीनकडे बघत म्हणाला, "रिसेट कुणी मारला?" दादाला त्याच क्षणी अतिशय महत्त्वाचा फोन आला आणि तो गॅलरीत गेला. मग ऑफिसला फोन, युजरनेम कळवा, पासवर्ड कळवा, एस फॉर सागर का एफ फॉर फणस, असं करत एकदाचं नेट आलं.

वायफायला मी जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड दिला, अगदी अक्षर न् अक्षर तसाच, म्हणजे घरातल्या वस्तूंना काही कळतच नाही आणि त्या आपोआप जोडल्या जातात. टीव्ही जोडला गेला, सगळ्यांचे मोबाईल जोडले गेले, बाबांचा रुसवा गेला. राहिला प्रिंटर. त्याच्या दोन ओळींच्या स्क्रीनवर कालपासून एकच वाक्य आहे, नेटवर्क सापडत नाही. दादा म्हणतोय काळजी करू नकोस, यालाही मागे एक भोक आहे.