कोल्चिसिन बंद करा, असं मी म्हटलेलं नाही

नमस्कार. गाऊटवर (युरिक ॲसिडमुळे सांधे सुजून दुखण्यावर) दिलं जाणारं कोल्चिसिन काही औषधांसोबत घेतलं तर घातक ठरू शकतं, असं मी लिहिलं होतं. त्यावरचा तुमचा राग समजला. औषध वनस्पतीपासून येतं, शतकानुशतकं वापरात आहे, वडील कित्येक वर्षं घेताहेत आणि ठणठणीत आहेत. मग गाऊटच्या रुग्णांना उगाच घाबरवता कशाला, असं तुमचं म्हणणं.

वडिलांना औषध मानवतंय ना, मग माझं वाचून ते अजिबात बंद करू नका. पण वनस्पतीजन्य म्हणजे निर्धोक, हे पटत नाही. सहाव्या शतकात ट्रालेसच्या अलेक्झांडरने गाऊटवर वापरलेल्या कोल्चिकमचीच (कोल्चिसिन जिच्यापासून मिळतं ती वनस्पती) पानं युरोपात रानलसूण समजून खाल्ल्याने माणसं दगावली आहेत.

'पूर्वी जुलाब लागेपर्यंत गोळ्या द्यायचे' हेही खरं. पण 2010 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कोल्चिसिनच्या 4.8 मिलिग्रॅम आणि 1.8 मिलिग्रॅम अशा एकूण मात्रांची तुलना झाली. आराम जवळपास सारखाच पडला. जुलाब मात्र 77 टक्क्यांना विरुद्ध 23 टक्क्यांना. म्हणजे तो जास्तीचा त्रास फुकटच होता.

माझा मूळ मुद्दा वेगळा होता. कोल्चिसिनचा निचरा मुख्यतः यकृतातलं सीवायपी३ए४ हे एंझाइम आणि पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा पेशींमधला पंप करतो. थोडा भार मूत्रपिंडावर असतो. छातीच्या संसर्गासाठी क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक सुरू झालं, की एंझाइम आणि पंप दोन्ही अडतात. गोळी रोजचीच, पण रक्तातलं प्रमाण चढत जातं. आधी जुलाब-उलट्या होतात. अँटिबायोटिकने पोट बिघडलं असेल म्हणून घरचे गप्प बसतात आणि कोल्चिसिन चालूच राहतं (खरा घात इथेच होतो). पुढे स्नायूंतली ताकद जाते, अस्थिमज्जा रक्तपेशी बनवेनाशी होते. डायलिसिसनेही हे औषध रक्तातून निघत नाही.

मूत्रपिंड किंवा यकृत आधीच अधू असेल तर ही जोडी द्यायचीच नसते. इट्राकोनॅझोल (बुरशीवरचं औषध) आणि सायक्लोस्पोरिनचंही (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) तेच. व्हेरापामिल, डिल्टियाझेम ही रक्तदाब-हृदयाची औषधं चालू असतील तर कोल्चिसिनची मात्रा कमी करावी लागते. स्टॅटिन (कोलेस्टेरॉलचं औषध) सोबत असेल तर स्नायूंच्या दुखण्याकडे काणाडोळा नको. गंमत म्हणजे क्लॅरिथ्रोमायसिनच्याच गटातलं ॲझिथ्रोमायसिन असा अडथळा करत नाही, त्यामुळे बऱ्याचदा पर्याय हाताशी असतो. फक्त डॉक्टरांना कोल्चिसिनबद्दल माहीत हवं.

वडिलांचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) शेवटचं कधी तपासलं, तेवढं बघा. आणि दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर कोल्चिसिनचं नाव आवर्जून सांगा, दुखलं तरच घेत असतील तरीही. 'रोज काय घेता?' या प्रश्नाच्या उत्तरात नेमकी तीच गोळी सुटते.