आर्किटेक्चरला अ‍ॅडमिशन हवंय? आधी कुत्रा काढायला शिका

सगळ्यात आधी एक करा, नातेवाइकांना काही सांगू नका. बारावीला फिजिक्स-मॅथ्स घेऊन, बरे मार्क पाडून तुम्ही इंजिनिअरिंग सोडून आर्किटेक्चर करणार म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "म्हणजे इंटिरियर ना?" दुसरा प्रश्न येत नाही, डायरेक्ट फोटो येतो, व्हॉट्सअ‍ॅपवर, मामीच्या किचनचा, ओटा दक्षिणेला आहे तर चालेल का म्हणून. बाळकृष्ण दोशी मुंबईत जेजे कॉलेजलाच शिकले आणि २०१८ साली प्रित्झकर, म्हणजे आर्किटेक्चरमधलं सगळ्यात मानाचं बक्षीस, मिळवणारे पहिले भारतीय झाले वगैरे तुम्ही कितीही घसा कोरडा करून सांगा, मामी ऐकून घेणार आणि विचारणार, बरं मग गॅस कुठे ठेवू.

चित्रं काढायची आवड असेल तर ती एन्ट्रन्सचा क्लास लावायच्या आधीच बंद करा, नंतर फार त्रास होतो. मी भांडुप ते दादर स्लो लोकलमध्ये बसल्या बसल्या वहीत माणसं काढायचे. झोपलेली काकू, दाराला लोंबकळणारी पोरगी, भाजी निवडणाऱ्या बायका. मोठ्या कौतुकाने वही क्लासच्या सरांना दाखवली. त्यांनी चार पानं उलटली आणि म्हणाले, "सगळं ठीक आहे, पण कुत्रा कुठाय?"

तर कुत्र्याचं असं आहे की विषय कुठलाही येऊ दे, जत्रा, बस स्टॉप, पावसातला बाजार, आपल्या चित्रात डाव्या कोपऱ्यात कुत्रा, उजवीकडे फुगेवाला आणि मधे छत्रीवाली बाई असलीच पाहिजे. छत्रीवालीच का, तर छत्री जरा पुढे झुकवली की चेहरा काढावा लागत नाही. हे तीन जण पाठ करून ठेवा. आमच्या बॅचमध्ये चाळीस पोरं होती आणि चाळीसही जणांचा कुत्रा एकाच बाजूला बघत होता, म्हणजे आमच्या कागदांवर अख्ख्या मुंबईत एकच कुत्रा आणि तो सगळ्या जत्रांना हजर. याचे पैसे द्यावे लागतात, ते आईला सांगताना "क्रिएटिव्हिटीची फी" असं सांगा.

जीके पण करा बरं का. सीएसएमटीची बिल्डिंग कोणाची? एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स. कधीची? १८७८ ला काम सुरू, दहा वर्षं बांधत होते. युनेस्कोच्या यादीत कधी? २००४. झालं, टिक करा, पुढे चला. चुकून प्रत्यक्ष तिथे गेलात तर मान वर करून बघत उभे राहू नका, मागून लोकांचा धक्का लागतो आणि शिवाय कर्जत फास्ट सुटते. मी स्वतः क्लासच्या मॉक टेस्टला त्या बिल्डिंगवरचे सगळे प्रश्न बरोबर सोडवले आणि तिच्याखालून वर्षभरात शंभरेक वेळा गेले असेन, नजर इंडिकेटरवर. वर दगडात कोरलेले प्राणी आहेत हे मला फोटोत कळलं.

परीक्षा म्हणजे नाटा. आर्किटेक्चर कौन्सिल घेते, २००६ पासून. एकूण २०० मार्क, त्यातले ८० हाताने काढायचे-बनवायचे आणि १२० कॉम्प्युटरवरचे. त्या ८० मध्ये एक किट देतात आणि त्यातून थ्रीडी काहीतरी उभं करा म्हणतात. उभं करा हे त्यांनी पंख्याखाली बसवून सांगितलेलं असतं. माझा टॉवर दोनदा पडला, तिसऱ्यांदा मी तो आडवाच ठेवला आणि चेहऱ्यावर असा भाव आणला की मला हेच म्हणायचं होतं. ही एक गोष्ट मात्र पुढे पाचही वर्षं उपयोगी पडते म्हणे, सिनियर्सनी सांगितलंय. आणि हो, आपल्याकडच्या मेरिटमध्ये निम्मं वजन बारावीच्या मार्कांना असतं, त्यामुळे शेडिंग चांगलं येतं म्हणून केमिस्ट्री सोडून देणाऱ्यांनी आत्ताच कोपऱ्यात जाऊन रडून घ्या.

पण खरी एन्ट्रन्स यानंतर. कागदपत्रं! नॉन क्रिमी लेयर सर्टिफिकेट ३१ मार्चला संपतं हे तुम्हाला जूनमध्ये कळलं पाहिजे, आधी कळलं तर मजा नाही. आमच्याकडे ते होतं पण आईच्या नावात एका कागदावर ऱ्हस्व वेलांटी आणि दुसऱ्यावर दीर्घ, त्यामुळे ती माझी आई आहे की नाही यावर एका सरकारी ऑफिसात दोन दिवस विचारविनिमय झाला, आई समोर डबा घेऊन बसलेली असताना. शेवटी अ‍ॅफिडेव्हिट. त्या ऑफिसला दार एक, टोकनची लाईन त्याच दारातून बाहेर आलेली, म्हणजे काम झालेल्या माणसाला बाहेर पडायला सगळ्यांची माफी मागत यावं लागायचं. दोन दिवस मी ते दार बघत होते, दुसरं काही बघण्यासारखं नव्हतंच. वहीत काढलं पण. कुत्रा खराखुरा होता, फाईलींच्या कपाटाखाली झोपलेला, आणि तो कुणाकडेच बघत नव्हता.

सीट वाटायचे कॅप राउंड, ऑप्शन फॉर्म, फ्रीझ, बेटरमेंट यातलं कोणालाच काही कळत नाही, ज्यांना कळतं असं वाटतं ते सायबर कॅफेवाले असतात. मला पहिल्या राउंडला नाशिक लागलं, घरात सामान बांधायला काढलं, दुसऱ्या राउंडला मुंबईतलं हवं तेच कॉलेज लागलं, सामान परत माळ्यावर. नाव सांगत नाही, उगाच माझ्या क्लासवाले होर्डिंगवर फोटो लावायचे. तसा लावलाच त्यांनी, मला न विचारता, खाली "आमच्या पद्धतीचं यश".

मग ड्रॉइंगच्या सामानाची खरेदी. अब्दुल रेहमान स्ट्रीटला जा, बापाला सोबत न्या, बिल बघून त्याला धरायला तुम्ही पाहिजेच. शीट ठेवायचा लांब नळा पाठीला लावून लेडीज डब्यात चढलं की एक मावशी हमखास विचारते, पडद्याचा रॉड केवढ्याला घेतलास? सांगा काहीतरी आकडा, जागा मिळते.

पहिल्या दिवशी छान कपडे घाला, पोर्टफोलिओ न्या, छत्रीवाली वरती ठेवा. आमच्या मॅडमनी एकाचाही पोर्टफोलिओ उघडला नाही. म्हणाल्या, तुम्ही राहता त्या बिल्डिंगच्या जिन्याची एक पायरी किती उंच आहे? साठ पोरं, साठही गप्प. उद्या मोजून आणा, म्हणाल्या.

रात्री पट्टी घेऊन बसले जिन्यात. सगळ्या पायऱ्या सोळा सेंटीमीटर, अर्धा इकडे तिकडे, आणि सगळ्यात खालची फक्त बारा. कारण पाच वर्षांपूर्वी सोसायटीने लॉबीत जुन्या लाद्यांवरच नवीन लाद्या टाकल्या. माझी आजी तिथेच अडखळायची दर वेळी, आणि आम्ही म्हणायचो आजीचं वय झालं.

परत एकदा मोजत होते तेवढ्यात वरून दुसऱ्या मजल्यावरचे काका आले, पट्टी बघितली, वही बघितली, आणि हळूच विचारलं, "काय गं, रिडेव्हलपमेंटचा बिल्डर फायनल झाला का?" सकाळपर्यंत चार फ्लॅटमधून आईला फोन, कार्पेट एरिया किती वाढवून देणार म्हणून.